मार्लिसच्या कानांचे पैसे

मित्रांनो, मी एक जुने, वाकलेले कार्ड आहे. ज्याच्या मागच्या खिशात माझे आयुष्य गेले, तो बसताना कधी पाकीट काढून ठेवत नसे, म्हणून मी वाकले. माझ्यावर उठावाच्या अक्षरांत त्याचे नाव आहे: वर्लिन हाल्वरसन. माझी मुदत केव्हाच संपली. आता मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, एका स्वयंपाकघरात, मिठाच्या बाटलीला टेकून उभे असते.

माझ्या जन्माचे मला फारसे आठवत नाही. गरम ठशाचा दाब तेवढा आठवतो. लिफाफ्यातून बाहेर आले ते थेट चीजच्या कारखान्यात. रबरी बूट घातलेली माणसे जेवणाच्या खोलीत बसली होती आणि मालकीणबाई आर्डिस आम्हा कार्डांचे वाटप करत होती.

“विम्याचे हप्ते दरवर्षी वाढताहेत,” ती म्हणाली. “असंच चाललं तर मला माणसं कमी करावी लागतील, आणि ते मला करायचं नाहीये. म्हणून नवा विमा घेतेय. हप्ता कमी, पण आजारपणातला सुरुवातीचा खर्च आपला. तो एका मर्यादेपुढे गेला की विमा. त्या सुरुवातीच्या खर्चासाठी हे आरोग्य बचत खातं. हप्त्यात माझे जे वाचतील, त्यातून दर जानेवारीत मी तुमच्या खात्यात भर घालेन. तुम्ही पगारातून घाला. घालताना कर नाही, वाढलं त्यावर नाही, औषधपाण्याला काढलं तरी नाही.”

“म्हणजे डिसेंबरात पुन्हा सगळ्यांनी चष्मे घ्यायचे!” वर्लिनचा सोबती ड्वेन ओरडला. जुन्या योजनेत औषधपाण्यासाठी पगारातून कापलेले पैसे उरले तर वर्षाअखेर बुडत, म्हणून सगळा कारखाना डिसेंबरात चष्म्याच्या दुकानात लोटायचा. ड्वेनचा एक चष्मा गाडीत असे, एक होडीत.

“नाही रे बाबा. उरले तर तुझेच. नोकरी सोडलीस तरी तुझेच. मेलास तर बायकोचे.”

“मग ती मला आजच मारेल!”

सगळे हसले. “आता एक शेवटचं, नीट ऐका,” आर्डिस म्हणाली, आणि तेवढ्यात अंगणात दुधाच्या टँकरचा भोंगा वाजला. दूध उतरवून घेणे हे वर्लिनचे काम. दूध थांबत नाही. तो उठला आणि त्याच्या खिशात मीही बाहेर गेले. पुढचे आम्ही दोघांनी ऐकलेच नाही.

“काय म्हणाली रे शेवटी?” त्याने नंतर विचारले.

“काही नाही, डॉक्टर-बिक्टरचं,” ड्वेन म्हणाला.

दर शुक्रवारी वर्लिन घरी ताज्या चीजच्या तुकड्यांची पिशवी नेई. त्याच दिवशीचे तुकडे दाताखाली चुईचुई वाजतात. एक रात्र गेली की चव तीच राहते, आवाज जातो. त्याची बायको मार्लिस लग्न झाल्यापासून म्हणायची, “तुझ्या तोंडात उंदीर नाचताहेत.” गेली काही वर्षे ती हे म्हणत नव्हती.

एका शुक्रवारी कारखान्यात चीजचा घाणा बिघडला, म्हणून वर्लिनने आदल्या दिवशीचा माल उचलला. जेवताना त्याने विचारले, “काय गं, आज उंदीर नाहीत का?”

“आहेत की! किती दंगा करताहेत!” ताटातून मान वर न करता मार्लिस म्हणाली.

वर्लिन चावायचा थांबला. ते तुकडे वाजतच नव्हते.

कानांच्या तज्ज्ञाने चांगली श्रवणयंत्रे सुचवली. ती महाग होती आणि विम्यात बसत नव्हती. पण माझ्या खात्यातून घेता येत होती. त्या दिवसापासून वर्लिन पगारातून जास्त रक्कम टाकू लागला. गुडघा दुखला की गोठवलेल्या मटारची पिशवी बांधायचा, दात दुखला की लवंग धरायचा. ड्वेन त्याला ‘सावकार’ म्हणायचा. मला कोणी कुठे दाखवत नव्हते, वापरत नव्हते, तरी खाते वाढत होते याचा मला अभिमान वाटे.

मग संडासात रक्त दिसू लागले.

“तुझं ते बीटाचं लोणचं,” तो मार्लिसला म्हणाला.

“लोणचं संपून महिना झाला. आणि पँट बघ कशी ढिली झालीय. तुझ्या वयात आतड्याची तपासणी करतात, ती तरी कर.”

“केवढ्याला पडते माहितीय? तुझे कान त्यात जातील.”

“काय म्हणालास?”

“काही नाही म्हटलं!”

नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला गेला असता तो रानातच कोसळला. ड्वेनने त्याला इस्पितळात नेले. गाठ आतड्यातून यकृतापर्यंत पोहोचली होती.

इस्पितळाच्या खिडकीतल्या बाईने मला हातात घेतले, पडद्यावर काही वाचले आणि हळूच विचारले, “पन्नाशीनंतरची आतड्याची नेहमीची तपासणी कधीच केली नाहीत? ती तर तुमचा विमा पूर्ण भरतो. या कार्डाला हातही लागत नाही.”

वर्लिनने मला परत खिशात ठेवले. मग म्हणाला, “टँकर आला होता.” त्या बाईला काही कळले नाही.

त्यानंतर मी खूप राबले. सुरुवातीचा सगळा खर्च मी उचलला, पुढचा विम्याने. जानेवारी लागताच आर्डिसने वर्षाची भर एकदम घातली आणि ते सांगायला स्वतः घरी आली. घर गहाण पडले नाही. वर्लिनने तिला एवढेच सांगितले, “मार्लिसच्या कानांचे तेवढे राहू दे.” तेवढे राहिलेही. तळ्यांवरचा बर्फ फुटायच्या आधी तो गेला आणि खाते जसेच्या तसे मार्लिसचे झाले. तिला तिच्या नावाचे नवे कार्ड आले. मला मात्र तिने फेकले नाही. कधी कधी ती माझ्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवते.

उन्हाळ्यात मार्लिसने यंत्रे घेतली. त्या शुक्रवारी ड्वेन दारात आला. “अजून गरम आहेत,” म्हणाला, पिशवी दिली आणि आत न येताच वळला.

ती टेबलाशी बसली. एक तुकडा तिने तोंडात टाकला. चुई. ती दचकली. मग हसली, आणखी एक घेतला, आणि हसता हसता समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, “अरे, आज आहेत बघ उंदीर!”

मित्रांनो, साठवा, जरूर साठवा. माझ्यासारख्या खात्याने एक कारखाना तगला आणि एक घर वाचले. पण ज्याच्यासाठी साठवता त्याला तुम्हीही हवे आहात. शेवटचे वाक्य राहून गेले असेल, तर परत जाऊन विचारा.

मार्लिसने समोरच्या जागी एक तुकडा ठेवला. सकाळी तो तिने स्वतःच खाल्ला. चव तीच होती.