नव्या पोराचा सोबती

रेक्टरसाहेब, ज्या पोराला तुम्ही दोन वर्षं वाऱ्यावर सोडलंत, त्यालाच दुसऱ्याचा हात धरायला लावलंत. ह्याला तुम्ही व्यवस्था म्हणता. उत्तन गावात ह्याला निर्लज्जपणा म्हणतात.

१९३९ च्या जूनमध्ये मुंबईतल्या एका वसतिगृहाच्या ह्या रेक्टरांनी नवी टूम काढली. कॉलेजात पहिल्यांदा येणाऱ्या खेड्यातल्या पोराला त्याच्याच भागातला एक जुना विद्यार्थी सोबती द्यायचा. त्यानं पोराला घरून आणायचं, खोली, खानावळ, लायब्ररी दाखवायची आणि रोज संध्याकाळी इंग्रजीच्या फुकट शिकवणीला नेऊन बसवायचं. ह्युबर्टच्या वाट्याला त्याच्याच गावचा, उत्तनचा गोपीनाथ आला.

ह्युबर्ट उत्तनच्या ख्रिस्ती कोळ्यांतला, कॉलेजात गेलेला गावचा पहिला पोर. त्याला कोण सोबती देणार? व्याख्यानातलं इंग्रजी डोक्यावरून जायचं आणि विचारावं कोणाला तेही कळायचं नाही. पहिल्याच वर्षात तो दोनदा आपटला. आता नापास झालास तर कायमचा होडीवर, असं बापानं बजावलं होतं.

तो गोपीनाथला आणायला गेला, तेव्हा गोपीनाथची आई हौसाबाई टोपलीत सुके बोंबील भरत बसली होती.

"हे कोणाला, मावशी?"

"तुमच्या मोठ्या मास्तरला. पोर त्याच्या घरात राहणार, मग रिकाम्या हातानं धाडू काय? तुझ्या आयशीनं न्हाय दिलं?"

दिलं होतं की. दोन वर्षांपूर्वी ह्युबर्टनं अशीच टोपली रेक्टरांच्या टेबलावर ठेवली होती. त्यांनी नाकाला रुमाल लावला, शिपायाला हाक मारली आणि टोपली रस्त्यावर फेकवली. वर्षभर पोरं त्याला 'बोंबील' म्हणूनच हाका मारत होती.

आता एक शब्द बोलला असता तर ही टोपली घरीच राहिली असती. तो बोलला नाही. ह्यालाही कळू दे, असं मनात आलं आणि त्याला बरं वाटलं.

"द्या मावशी, मी उचलतो."

"लई गुणाचा हाईस रं," हौसाबाई म्हणाली.

वसतिगृहात गोपीनाथनं टोपली टेबलावर ठेवली. ह्युबर्ट दाराशी थांबला, आता रुमाल निघेल म्हणून. रेक्टर हसले. नव्या पोरांना जपा, अशी यंदा त्यांना वरून ताकीद होती.

"आईनं पाठवलं? वा. मी खात नाही, पण मासे खाणाऱ्यांच्या पंगतीला वाढू. सांगू सगळ्यांना, गोपीनाथच्या घरचे आहेत."

त्याच रात्रीच्या पंगतीत पोरांनी बोंबलांवर ताव मारला आणि गोपीनाथच्या पाठीवर थापा पडल्या. ह्युबर्टनं ताट बाजूला सारलं. त्याच्या टोपलीतलाही त्याच बंदरचा मासा, तेच ऊन खाल्लेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गोपीनाथला शिकवणीला घेऊन गेला आणि त्याच्याशेजारी बाकावर बसला. रेक्टर दारातच उभे होते.

"तू ऊठ. हा वर्ग नव्या मुलांसाठी आहे."

"मीपण पहिल्याच वर्षात आहे, सर."

"दोन वर्षं झाली तुला इथे. नवा कसला तू?"

मागची पोरं हसली. गोपीनाथ ओशाळून हळूच म्हणाला, "ह्युबर्टदादा, जाऊ दे. काय शिकवतील ते मी सांगीन तुला."

हे मात्र त्याला झोंबलं. काल आलेला पोर आता आपल्याला शिकवणार. ह्युबर्ट उठला, पण दाराकडे गेला नाही. रेक्टरांसमोर जाऊन उभा राहिला.

"सर, आमच्या होडीवर नवा गडी चढला म्हणून जुन्याचा वाटा कोणी कापत नाही. ह्याला उत्तनहून आणायला मी चालतो. ह्याची गादी उचलायला चालतो. ह्याच्या शेजारी बसायला चालत नाही?"

"नियम आहे तो."

"नियम तुम्हीच केलात ना? ह्याचा मला हेवा वाटतो, सर. काल तर ह्याचं वाईट व्हावं म्हणून मी गप्प बसलो होतो. पण ह्याला उठवू नका. मला बसू द्या. मी इंग्रजीतच आपटलो, आणि तेच इथं शिकवताय. नियम राहू दे बाजूला. मी बसू की नको, ते तुमच्या तोंडानं सांगा."