गच्च दगड

"घे गो, तुझाच पेढा हाय!" पूजा रिक्षातून उतरते न उतरते तोच शेजारच्या बायजाबाईने तिच्या तोंडात पेढा कोंबला. "नाथा गावभर सांगत सुटलाय, माज्या पोरीचा दगड गच्च निघाला म्हणून."

पूजाने पेढा तसाच गालात धरला.

चूक तिचीच, अर्धवट बोलण्याची. समुद्राच्या तळाखाली खोलवरच्या चुनखडीत तेल मुरायला बारीक भोकं असतील की नाहीत, ते विहीर खोदण्याआधी सांगणं, हे तिचं तेल कंपनीतलं काम. या नव्या विहिरीबद्दल ती छातीठोकपणे म्हणाली होती, दगड चांगला सच्छिद्र असणार. निघाला घट्ट. काल रडू आवरत तिने फोनवर बापाला एवढंच सांगितलं, "बाबा, दगड गच्च निघाला," आणि फोन ठेवला.

आता नाथाचा जन्म गेला पेणच्या खारेपाटात, मिठागरावर. वाफ्याची जमीन पायांनी तुडवून गच्च करायची, तेव्हा कुठे खाडीचं पाणी वर राहून मीठ धरतं. जमीन पाणी प्यायली की हंगाम बुडाला. 'गच्च' याहून मोठी शाबासकी त्या माणसाला ठाऊकच नव्हती.

तो ओट्यावर बसला होता, इस्त्रीचा सदरा घालून, मांडीवर पेढ्यांचा पुडा. "रोह्याच्या मामालाबी फोन केला," तो म्हणाला. "कंपनीत सगल्यांना पेढे वाटलेस ना?"

राहू दे, असं तिला वाटलं. इथे कोण खरंखोटं करायला येतंय? पण म्हातारा इतका खुलला होता की खोटं बोलणं जिवावर आलं.

"बाबा, मला पिणारा दगड हवा होता. गच्च दगडात तेल राहत नाही. माझा अंदाज साफ चुकला. एवढी मोठी विहीर वाया गेली. आता माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

नाथाने पुड्याची दोरी बोटाला गुंडाळली.

"म्हंजे फोनवर तू रडत व्हतीस," तो म्हणाला, "न मी हसत व्हतो."

तेवढ्यात बायजाबाईने कुंपणावरून हाक मारली. "नाथा, माज्या नातवाला आनखी एक दे की!"

नाथा उठला. तो आता सारवासारव करणार, असं पूजाला वाटलं.

"घे गो," पेढा देत तो म्हणाला. "पन पोरीला पायजे तसा दगड नाय निघाला. पोरीनं बरोबर सांगितलेलं, माजीच समजायला चूक झाली."

मग चपला घालून हेच सांगायला तो पलीकडच्या घरी गेला, तिथून पुढच्या. पेढा दिलेलं एकही घर त्याने सोडलं नाही.