पेडवीच्या जेवणाचं गाऱ्हाणं

पेडवीनं बुधवारी संध्याकाळी बांगड्याकडे पाठ फिरवली, तेव्हा किशोरीला वाटलं, फिरवली असेल. माणसालाही एखाद्या दिवशी नको वाटतं. गुरुवारी सकाळी तिनं परत तेच केलं. गुरुवारी संध्याकाळी मात्र ती बशीजवळ आली, शेपूट पायांभोवती नीट गुंडाळून बसली आणि कुणीतरी काहीतरी बोलायची वाट बघत असल्यासारखी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. कुणी काही बोललं नाही. मग ती उठून पेंढ्याच्या वळईवर जाऊन झोपली.

पेडवी म्हणजे किशोरीची माहेरची मांजर. राखाडी, पोटाकडे रुपेरी, म्हणून तिला पेडवी या बारक्या चकचकीत मासळीचं नाव. लग्नानंतर आरोंद्याहून मालवणला येताना बाकीचं सामान टेम्पोतून आलं आणि पेडवी चपलांच्या खोक्यातून, किशोरीच्या मांडीवर. सासरच्या घरात आपल्याला लग्नाआधीपासून ओळखणारं एवढं एकच माणूस, असं किशोरी म्हणायची. तिचं इंजेक्शन, तिचं ऑपरेशन, तिची जंताची गोळी, सगळं किशोरीनं वेळच्या वेळी केलेलं. आता पोटच्या आठ महिन्यांच्या रियाचं करता करता ती स्वतः जेवायचं विसरायची, पण पेडवीच्या बांगड्यातला काटा विसरायची नाही.

त्या दोन दिवसांत तिनं सगळं करून पाहिलं. मासा मीठ न घालता उकडला, काटे काढले, कोमट करून दिला. मिशा घासू नयेत म्हणून पसरट बशी घेतली. पाणी बशीपासून लांब ठेवलं. मोबाइलच्या उजेडात तोंड उघडून काटा रुतलाय का तेही पाहिलं. सासू सावित्रीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"माझ्या बाळंतपणात माका कोणी इतक्या इचारूक नाय हां," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "सुकी सुंगटां दाखवून बघ."

"सोडे खारट असतात आई. मांजराला बाधतात."

"तेका बाधता, आमका नाय."

किशोरीनं कसालच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, मांजर दोन दिवस जेवलं नाही ना, मग तिसऱ्याची वाट बघायची नाही. त्यांचं आपल्यासारखं नसतं, उपाशी राहिलं की लिव्हरवर येतं. सकाळच्या गाडीनं घेऊन या.

सकाळी रियाला सासूजवळ ठेवून, झाकणाच्या टोपलीत पेडवीला घालून किशोरी कसालला पोचली. डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं, ताप घेतला, वजन केलं. तीन किलो नऊशे.

"मांजर ठणठणीत आहे. घरात काय बदललं? नवीन माणूस? सामान इकडचं तिकडे?"

"काही नाही. फक्त सासरे बोलत नाहीत."

"कोणाशी?"

"कोणाशीच. घशाचं ऑपरेशन झालंय. एकवीस दिवस शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही."

"आणि एरवी मांजर जेवताना ते काय बोलायचे?"

किशोरी टोपलीच्या झाकणाकडे बघायला लागली. सांगायला तिला लाज वाटत होती.

तिचे सासरे हरिश्चंद्र गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे. कुणाची होडी पाण्यात जायची असो, कुणाच्या मुलाची परीक्षा असो, देवासमोर उभं राहून सगळ्यांच्या वतीनं देवाला सांगायचं काम गेली तीस वर्षं त्यांचं. एकेक मागणं संपलं की जमलेली माणसं एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणणार, तेव्हा ते मागणं देवापर्यंत पोचणार. दोन वर्षांपूर्वी एकदा पेडवीला मासा घालताना त्यांनी गमतीनं तिच्यापुढे गाऱ्हाणं घातलं. सावित्रीबाईंनी चुलीकडून 'व्हय म्हाराजा' म्हटलं, नवऱ्यानं, म्हणजे देवेशनं, न्हाणीतून म्हटलं, किशोरीनं झाडू मारता मारता. मग पेडवीनं बशीत तोंड घातलं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ एकही दिवस चुकला नव्हता. मासा उकडल्यानं शिजत नाही, 'व्हय म्हाराजा' झाल्यावर शिजतो, अशी आता पेडवीची समजूत होती.

हे सगळं डॉक्टरांनी न हसता ऐकून घेतलं. ते मालवणजवळच्या कट्टा गावचे, तिकडचेच होते. त्यांनी कपाटातून खाऊचं पाकीट काढलं, पेडवीपुढे रिकामं केलं आणि म्हणाले, "घाला."

"इथं?"

"दुसरं औषध माझ्याकडे नाही."

किशोरी अगदी हळू आवाजात म्हणाली, "बा देवा म्हाराजा, ह्या पेडवीचा काय चुकला-माकला आसात, तर ता पोटात घाल, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाहेरच्या बाकावरून आवाज आला.

बाकावर पाच माणसं होती. दोघांकडे शेळी, एकाकडे कुत्रा, एकीच्या कडेवर कोंबडी, आणि एकजण नुसताच सावलीला बसलेला. आत कोण आहे, कशासाठी आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्या शब्दांना उत्तर दिल्याशिवाय तिकडच्या माणसाला राहवत नाही, गप्प राहिलं तर शिंक दाबल्यासारखं होतं. पेडवीनं पाकीटभर खाऊ संपवला आणि टेबल चाटलं.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: गाऱ्हाणं, दिवसातून दोन वेळा, जेवणाआधी. निदान चार माणसं.

"चारच का?" किशोरीनं विचारलं.

"किलोला एक," डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर तिनं कागद दाखवला. हरिश्चंद्रांनी तो दोनदा वाचला, मग कॅलेंडरच्या जुन्या पानामागे मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बायकांनी गाऱ्हाणा घालूचा नाय', आणि पान सगळ्यांना दिसेल असं धरलं. गेले काही दिवस त्यांचं सगळं बोलणं अशा पानांवरच चाललं होतं. जानेवारी-फेब्रुवारी संपले होते.

"तुमी घालतात?" सावित्रीबाईंनी विचारलं. "नाय मां? मगे गप ऱ्हवा."

ते गप्पच होते.

घरातल्या पुरुषाचा मान म्हणून पहिल्यांदा देवेशला उभं केलं. देवेश दिवसभर होडीतून पर्यटकांना किल्ल्याकडे नेऊन आणायचा. त्यानं हात जोडले, घसा साफ केला. "बा देवा म्हाराजा, सगळ्यांनी आपापल्या जागेवर बसान घेवचा, कोणीव मधीच उभ्या ऱ्हवाचा नाय, हात पाण्यात घालूचे नाय..." पेडवी उठून चालू लागली.

"मेल्या, मांजराक लायफ जाकेट घालतंस काय?" सावित्रीबाई म्हणाल्या. "घाल गो किशोरी, तूच घाल."

तर अशी किशोरी गाऱ्हाणं घालायला लागली. देवेश सात वाजता जेटीवर जायचा, म्हणून माणसं कमी पडू नयेत यासाठी तिनं शेजारच्या दोघांना विनवलं. एक आनंदीबाई, ज्या दारोदार मासे विकायच्या आणि पेडवीचा बांगडा ज्यांच्याच पाटीतून यायचा. दुसरा बाबली, जो पलीकडच्या मांगरात, सामानाच्या खोपीत, जाळी दुरुस्त करत बसायचा. सावित्रीबाई, आनंदीबाई, बाबली, आणि चौथी रिया, कडेवर. रिया बोलत नसली तरी डॉक्टरांनी माणसं म्हटलं होतं, मोठी माणसं म्हटलं नव्हतं.

पहिले तीन दिवस सुरळीत गेले. पेडवी जेवायची, मिशा पुसायची, उन्हात जाऊन पडायची. किशोरी रोज तिला उचलून वजनकाट्यावर उभी राहायची, मग तिला ठेवून एकटीच, आणि वजाबाकी करायची. तीन किलो नऊशे, तीन किलो नऊशे.

चौथ्या दिवशी आनंदीबाई म्हणाल्या, "गो बाय, एक शब्द माझोव घाल. माझ्या कोंबडेक कोणतरी दगड मारता. कोण ता मी सांगणंय नाय." आणि बाबलीकडे बघितलं.

"घाल, घाल," बाबली म्हणाला. "आणि कोणाची कोंबडी कोणाच्या जाळ्यात जावन अंडा घालता, ताव घाल. माजा सगळा जाळा चिकट झाला."

"मगे अंडा खंय गेला?"

"ता गाऱ्हाण्यात नको."

किशोरीनं दोन्ही घातलं. पेडवीनं बशीत तोंड घातलं. "बघ," आनंदीबाई म्हणाल्या, "मांजरान तोंड लायल्यान, म्हणजे देवान आयकल्यान."

एवढं व्हायचा अवकाश, वाडीतली माणसं येऊ लागली. देवळातलं गाऱ्हाणं हरिश्चंद्रांच्या घशामुळे बंदच होतं, आणि सगळ्यांची मागणी तुंबली होती. कुणाला मोबाइलची रेंज पाहिजे होती, कुणाला जावेला अद्दल घडवायची होती. पेडवी पायांभोवती शेपूट गुंडाळून शेवटच्या 'व्हय म्हाराजा'ची वाट बघत बसायची. ती नियमाची पक्की. दहाव्या दिवशी गाऱ्हाणं वीस मिनिटं चाललं, तोवर बांगडा गार पडला, आणि गार माशाचा वास तिला येईना. दोन घास खाऊन ती उठली. तीन किलो सातशे. आणखी दोन दिवसांनी तीन किलो सहाशे. पाठीवरून हात फिरवला की मणके लागायला लागले.

किशोरीनं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "डोस जास्त झाला. कमी करा."

दुसऱ्या सकाळी तिनं जमलेल्यांना सांगितलं, "आजपासून फक्त पेडवीचं. बाकी कोणाचं नाही."

बाबली आणि आनंदीबाईंनी एकमेकांकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"आमचा नाय, तर आमी कित्याक व्हय म्हणूचा?" बाबली म्हणाला.

"तेच," आनंदीबाई म्हणाल्या. "मांजराच्या तोंडाक बांगडो, आमच्या तोंडाक काय?" आणि पाटी उचलून चालू लागल्या. त्यांच्यामागून सगळं अंगण रिकामं झालं. त्यातच सावित्रीबाईंना बहिणीच्या आजारपणाला ओरोसला जावं लागलं. देवेशचा तर तो मोसमच, पहाटे गेला की दिवेलागणीला यायचा.

संध्याकाळी किशोरीनं एकटीनंच गाऱ्हाणं घातलं आणि स्वतःच 'व्हय म्हाराजा' म्हटलं. पेडवीनं तिच्याकडे असं बघितलं, की किशोरीच ओशाळली. मागणारानंच हो म्हणायचं, असं कुठं असतं? सकाळीही तेच. दुपारी पेडवी पाणी प्यायलाही उठली नाही. तिचं अंग हलकं लागत होतं, उन्हात सुकलेल्या कपड्यासारखं.

चार वाजता किशोरीनं परत बांगडा कोमट केला. रियाला दात येत होते, ती सकाळपासून खांद्यावर किरकिरत होती. पडवीत आरामखुर्चीवर हरिश्चंद्र बसले होते, मांडीवर कॅलेंडर, हातात खडूसारखा जाड पेन. मौनाचा अठरावा दिवस. किशोरीनं बशी ठेवली आणि तिथंच खाली बसली. पेडवी आली, बसली, शेपूट गुंडाळली. वाट बघू लागली.

"बा देवा म्हाराजा," किशोरी म्हणाली आणि थांबली. कुणीच नव्हतं. मग जे तोंडात आलं ते ती बोलत गेली, आणि माहेरचं-सासरचं, पुस्तकातलं-तोंडचं सगळं त्यात मिसळलं. "ही पेडवी माझ्यावांगडा इली. हिका हंय दुसरा कोण नाय. हिच्या पोटात दोन घास जावंदेत, रे म्हाराजा."

वाऱ्यानं माडाचं झावळं हललं. तेवढंच.

खुर्ची करकरली. हरिश्चंद्रांनी जुलैचं पान फाडलं, उलटं केलं आणि सावकाश, टाकीनं दगडावर कोरावं तसं लिहिलं. मग पुढे वाकून ते पान पेडवीच्या तोंडासमोर धरलं.

'व्हय म्हाराजा.'

पेडवीनं पानाकडे बघितलं. वरून खाली, मग हरिश्चंद्रांच्या तोंडाकडे. तोंड बंद होतं, पण मान नेहमीसारखी हलत होती. तिनं बशीत तोंड घातलं. एक घास, दोन घास, आणि थांबून परत वर बघितलं.

किशोरीला कळलं, आणखी पाहिजे.

"आणि ह्या वाडीतली रुसलेली माणसां आसत, तेंका बरी बुद्धी दी, रे म्हाराजा."

पान वर. दोन घास.

"आणि ह्या पोरीचे दात सुखान येवंदेत, रे म्हाराजा."

पान वर. दोन घास. अर्धा बांगडा संपला होता. आता किशोरीला काही सुचेना, आणि मांजर तर थांबलेलं. तिनं रियाला एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं.

"आणि ह्या घरची सून," ती म्हणाली, "आठ महिने झाले, दोन तास सरळ झोपाक नाय. तिका कोण इचारणा नाय. तिच्या पोरीक सकाळचे दोन तास कोणीतरी घरच्या मोठ्या माणसान घेवची, रे म्हाराजा."

हे तोंडातून गेल्यावर तिचे कान तापले. तिनं सासऱ्यांकडे बघितलं नाही, बशीकडे बघत राहिली. पान खालीच होतं. पेडवी थांबली होती. बांगड्याच्या वाफेचा वास हळूहळू मरत चालला होता, आणखी मिनिटभरात गार पडणार होता.

पान वर गेलं.

पेडवी खाऊ लागली. किशोरी पटकन म्हणाली, "एक दिवसाआड नाय, रोज, रे म्हाराजा." पान तिथंच होतं. "आयतवारीसुद्धा." हरिश्चंद्रांनी खुर्चीवरून उठून मोकळा हात पुढे केला. काय मागतायत ते किशोरीला क्षणभर कळलं नाही. मग तिनं रियाला त्यांच्या कडेवर दिलं. रियानं लगेच पानाचा कोपरा पकडून तोंडात घातला आणि शिवशिवणाऱ्या हिरड्यांनी चावायला लागली.

किशोरी भिंतीला टेकली. पुढचं मागणं तिला आठवत होतं, पण डोळे मिटत होते. हरिश्चंद्र एका हातात नात आणि दुसऱ्या हातात पान धरून वाकून उभे होते. पानाचा 'म्हा' रियाच्या पोटात गेला होता, तरी त्यांनी ते खाली घेतलं नाही. बशीत अजून शेपटीकडचा तुकडा शिल्लक होता.