दोन्हीकडून उघडा मोजा

मी मोजा बोलतोय. हसा, आधी पोटभर हसून घ्या. पायात घालायचा नव्हे, वाऱ्याचा मोजा. एका लहानशा विमानतळावर, धावपट्टीच्या कडेला, उंच खांबावरच्या लोखंडी कड्यात अडकवलेला, माणसापेक्षा लांब असा नारिंगी मोजा. वारा कुठून येतोय आणि किती जोरात, हे वैमानिकाला सांगायचं, एवढंच माझं काम.

लोक मला काय काय म्हणतात! वारा येईल तशी पाठ फिरवणारा. कणा नसलेला. मला या बोलण्याची भयंकर चीड आहे. मी पाठ फिरवत नाही, वारा जिकडून येतो तिकडे तोंड करतो. तोंड! ज्याला शंका असेल त्याने वावटळीकडे तोंड करून नुसतं उभं राहून दाखवावं, मग माझ्या कण्याबद्दल बोलावं.

माझा जन्म शिलाई मशीनवर झाला. इथे विमान चालवायला शिकवणाऱ्या कॅप्टनबाई होत्या. जुना मोजा फाटला, नवा लवकर येईना, म्हणून त्यांनी घरी फोन केला, "आई, आम्हाला एक मोठा मोजा हवाय. कापड आणि माप पाठवते, शिवून देशील?" त्यांची आई चर्चचे पडदे, लेकरांचे झगे, शेजारणींची पोलकी, सगळं शिवायची. नवरा गेल्यावर त्याच मशीनवर तिने मुलीला वैमानिक केलं होतं. प्रार्थना पुटपुटत तिने मला शिवलं. आणि मोजा म्हणजे मोजा, म्हणून माझं टोक छान गोल वळवून, दुहेरी टीप मारून बंद करून टाकलं!

आई स्वतः मला घेऊन विमानतळावर आली. खांबावर चढलो आणि भोपळ्यासारखा टम्म फुगलो. आत शिरलेला वारा बाहेर पडेना. मला धड वळता येईना की ताठ होता येईना. नुसता खांबावर धडाधड आपटत राहिलो. विमानांच्या हँगरमधले मिस्त्री पोट धरून हसले.

"अगं आई, टोक कशाला शिवलंस?"

"मोजा म्हणालीस ना तू? मग काय बोटं उघडी ठेवू?"

आईने तिथेच गवतात बसकण मारून टीप उसवली. पुन्हा वर गेलो, वारा एकीकडून शिरला, दुसरीकडून निघाला, आणि मी सरळ आडवा, ताठ झालो. आई मान वर करून बघतच राहिली.

"आपलंही असंच आहे बघ," ती म्हणाली. "प्रभूचा आत्मा मिळाला म्हणून मी तो मुठीत धरून बसले, तर नुसती फुगेन. आतून जाऊ दिला, तर चार लोकांना दिशा तरी कळेल."

"तुला कशातही देव दिसतो," कॅप्टनबाई हसून म्हणाल्या.

"दिसतो. मग काय डोळे मिटून घेऊ?"

तेव्हापासून ती वरचेवर मुलीचा डबा घेऊन यायची आणि गवतात बसायची. पंख न हलवता एका जागी तरंगणारी घार बघून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. विमान वाऱ्याच्या विरुद्ध धावत उठतं हे कळलं, तेव्हा ती खुदकन हसली. "म्हणजे समोरून अडवतो तोच उचलतो होय! अगं, मग मला प्रभूने जन्मभर समोरचाच वारा दिला, त्यावर मी उगाच कुरकुरत होते."

आता त्या दिवसाचं सांगतो. विमानतळाचे मालक, मोठे साहेब, यांच्या नातवाचा वाढदिवस होता. पाहुणे जमले होते. कॅप्टनबाईंनी नातवाला आकाशात फिरवून आणायचं ठरलं होतं. आणि मी? मी धावपट्टीला बरोब्बर आडवा झालो होतो, शिवाय हिसके खात होतो. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि कानावरचा हेडफोन काढला.

"आज नाही, साहेब. वारा आडवा आहे, झटके देतोय. लेकराला घेऊन मी उडणार नाही."

"एवढे पाहुणे आलेत! त्या फडक्याला विचारून माझे कार्यक्रम ठरणार?"

"उडायचं की नाही, हे त्यालाच विचारायचं असतं."

साहेबांचा भाचाही वैमानिक होता. तो नातवाला घेऊन तडक विमानात बसला. उतरताना एक पंख असा कलला की टाळ्या वाजवायला वर केलेले हात तसेच राहिले. पण विमान उतरलं. मूल खिदळत बाहेर आलं, केक कापला. मोठा अपघात झाला असता तर लोकांनी बाईंना शहाणी म्हटलं असतं. झाला नाही, म्हणून त्या भित्र्या ठरल्या. असल्या शहाणपणाच्या मी तोंडावर फडफडतो!

साहेबांनी फर्मान काढलं, सगळ्यांसमोर कबूल करा, वारा काही नव्हता, मी उगाच घाबरले. नाहीतर घरी बसा. आईलाही बोलावून घेतलं. माझ्याच खांबाखाली सगळे उभे होते.

"तुम्ही तरी समजवा मुलीला," साहेब म्हणाले. "एका वाक्याचा प्रश्न आहे."

मुलीचं उडणं म्हणजे तिच्या आयुष्यभराचं शिवणकाम होतं, आणि एका वाक्यात ते उसवणार होतं. मला भीती वाटली, आता ही म्हणणार, म्हणून टाक बाई.

"साहेब, तुमचा नातू सुखरूप उतरला तेव्हा मी गुडघे टेकून प्रभूचे आभार मानले," ती म्हणाली. "पण तो उतरला म्हणून वारा नव्हता, असं कुठे होतं? खोटी साक्ष माझी मुलगी देणार नाही. आणि दे म्हणून मी तिला सांगणार नाही."

कॅप्टनबाईंनी हेडफोन साहेबांच्या हातात ठेवला. आईचा हात धरला आणि दोघी फाटकाबाहेर गेल्या. मी त्या दिवशी इतका फडफडलो की माझी एक शिवण गेली. जाऊ दे.

माझी सध्याची अवस्था ऐका. रंग उडालाय, कडेच्या चिंध्या झाल्यात. साहेबांना मी डोळ्यांसमोर नको असतो, म्हणून शेवटचं विमान उतरलं की मला गुंडाळून खांबाला बांधायचा हुकूम आहे. मिस्त्री मान डोलावतो आणि मला पहाटेच्या वाऱ्याला तुटेल अशा कच्च्या सुताने बांधतो.

मला दया नको. विटलो म्हणून उतरवा, माझी पुसणी करा, चालेल. पण वर टांगून, तोंड बांधून, वारा नाही असं माझ्याकडून वदवून घेऊ नका. ते जमणार नाही.

कारण रोज सकाळी कुंपणापलीकडच्या रस्त्यावरून शाळेची गाडी जाते. ती आता कॅप्टनबाई चालवतात. त्या गाडीला वाऱ्याशी काय घेणं? तरी त्या वेग कमी करतात, काच खाली करतात आणि मागे वळून विचारतात, "सांगा रे, आज वारा कुठून?"

सगळी पोरं खिडक्यांतून माना काढून वर बघतात. तेव्हा बांधा मला, खुशाल बांधा. त्या गाडीच्या वेळेला मी सुटलेलाच असणार.