सरिताच्या मापाची नव्हते मी

मी एक मोटारसायकल बोलतेय. लाल, उंच सीटची, दोनशे सीसीची. सध्या गडचिरोलीत जुन्या गाड्यांच्या दुकानापुढे उभी असते. थकले आहे, म्हणून सावकाश सांगते.

चंद्रपूरच्या शोरूममध्ये प्रफुलने मला पाहिलं. टाकीवर हात फिरवला, किती पळते ते विचारलं, आरशात स्वतःला बघून घेतलं. कुठल्या रस्त्यावर चालवणार, घरात आणखी कोण चालवणार, हे त्याला कुणी विचारलं नाही. माझं हँडल खाली झुकलेलं, टायर डांबरी रस्त्याचे. घरी नेताना एटापल्लीच्या पुढे मुरमाचा कच्चा रस्ता लागला तेव्हा त्याचे दोन्ही हात आखडून गेले होते.

चार महिन्यांनी त्याला नागपूरकडे कारखान्यात काम लागलं. जाताना तो बायकोला म्हणाला, "गाडी हायच ना घरी. तूच वापर."

बायको म्हणजे सरिता, उपकेंद्रातली आरोग्यसेविका. सहा गावं तिच्याकडे. शिकलेली स्कूटीवर, आणि उंची बेताची. माझ्यावर बसली की पायांची नुसती बोटं टेकायची. तरी तिने मला शिकून घेतलं. थांबायचं ते दगडाशेजारी, बांधाशेजारी, नाहीतर पुलाच्या कठड्याला लागून. कुठल्या वळणावर पायाखाली काय मिळेल, ते तिला पाठ होतं. तिला हळू जायचं असायचं आणि हळू चालणं माझ्या जिवावर यायचं. ती क्लच अर्धा दाबून ठेवायची, तो जळत राहायचा. आम्ही दोघी रोज एकमेकींना दमवत होतो.

एका बुधवारी ती लसींचा डबा खांद्याला अडकवून निघाली. नाल्याच्या चढावर समोरून खनिजाचा ट्रक आला. तिने वेळेवर ब्रेक लावला, मला कडेला घेतलं. तिचं काहीच चुकलं नाही. पण तिथे दगड नव्हता, बांध नव्हता. तिने पाय टाकला, तो जमिनीला पोचलाच नाही. मी तिच्या अंगावर कलंडले.

पडता पडता तिने डबा वर धरला. माझा तापलेला सायलेन्सर तिच्या पोटरीला चिकटला. मला ते कळत होतं आणि बाजूला होता येत नव्हतं.

पलीकडच्या गावचा म्हातारा पोचू मोहाच्या झाडाखाली बसला होता. तो धावत आला. त्याने आणि ट्रकवाल्याने मिळून मला उचललं.

"पाय जळला ना, बाई," पोचू म्हणाला. "हे गाडी तुह्यासाठी लय मोठी हाय."

"माहीत हाय, भाऊ. डब्बा फुटला काय, तेवढं पाह्य. झाकण नको उघडू, थंडावा जाईल."

डबा शाबूत होता. तिने मला मोहाला टेकवलं आणि लंगडत चार किलोमीटर पायी गेली. दुपारी परतली तेव्हा चौदा लेकरांना लस देऊन झाली होती.

रविवारी प्रफुल घरी आला. त्याने पोटरीवरची पट्टी पाहिली.

"तुले चालवता येत नाई तं नेतेस काऊन?"

"मले येते," सरिता शांतपणे म्हणाली. "सहा महिने चालवली. गाडी माह्या मापाची नाई."

तो किल्ली उचलून मला नाल्यापर्यंत घेऊन गेला. त्याच चढावर माझं मागचं चाक मुरमात घसरलं. तो पडला नाही, पण उतरून त्याने मला हाताने ढकलत वर काढलं. घरी येऊन त्याने स्टँड लावलं आणि सीटवर हात ठेवला.

"मले बी भेव लागते हिचा," तो म्हणाला. "पयल्या दिवसापासून."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

त्याने किल्ली काढून तिच्या हातात दिली.

पुढच्या आठवड्यात ते मला इथे घेऊन आले. सरिता तीन जुन्या गाड्यांवर बसून पाहत होती. तिसरी छोटी, बुटकी, रंग उडालेली. तिने ती डावीकडे कलती केली, उजवीकडे केली, चढावर नेऊन उभी केली. मग पसंतीची मान डोलावली. प्रफुल तिच्या मागे बसला आणि मला बदल्यात देऊन दोघं गेले.

आता रोज कुणी ना कुणी येतं. हॉर्न वाजवतं, फोटो काढतं, किती पळते ते विचारतं. दुकानदाराने माझी बॅटरी काढून दुसऱ्या गाडीला लावली आहे. मला राग नाही. फक्त पुन्हा कुणाच्या अंगावर पडायचं त्राण उरलेलं नाही.

तुम्ही आलात तर आधी माझ्यावर बसा. तुमचा रोजचा रस्ता डोळ्यांपुढे आणा. घरी आणखी कोण चालवणार, त्यांनाही बसवा. भीती वाटली तर तिथेच मोठ्याने सांगा, लाजू नका. आणि मग मला इथेच सोडून निघून जा.