पिरोगीएवढी पिशवी

आमच्या सास्कॅचवान प्रांतात कुणी तुमच्या पायावर पाय दिला, तर सॉरी तुम्हीच म्हणायचं. मी तर दाराला धडकले तर दारालाही म्हणते. या चांगुलपणानेच माझा घात केला होता, आणि ते मला कळलं सास्काटून शहरात, हॉस्पिटलच्या एक्स-रेच्या खोलीत.

मी व्हर्ना हाव्रिलुक. शाळेची बस चालवते. लघवी करून उठले की थोड्या वेळाने पुन्हा थेंब थेंब गळायचं. जळजळ, वरचेवर इन्फेक्शन, आणि नवऱ्याजवळ जायचं म्हणजे जीव मुठीत. सीटवर टॉवेल घालून बस चालवत होते. आमच्या गावचे डॉ. पेनर दर वेळी गोळ्या द्यायचे. पोटावरून सोनोग्राफी झाली, आत कॅमेरा घालून झाला, सगळं स्वच्छ. शेवटी ते म्हणाले, "व्हर्ना, वय होतंय. आणि थोडं मनाचंही असतं." यावर मी काय म्हणाले असेन? सॉरी म्हणाले.

सास्काटूनला जाताना नणंदेला, लुबाला, सांगून टाकलं, "आज काही दिसलं नाही तर बसच्या किल्ल्या परत करणार. पोरांना वास यायला लागलाय गं."

"वास आधी त्या पेनरला यायला हवा होता," लुबा म्हणाली. "आणि रडू नकोस. तू रडलीस की मला रस्ता दिसत नाही."

तपासणी करणारे डॉ. एझेनवा धिप्पाड आणि शांत. त्यांनी विचारलं, "इथे येण्याआधी काय केलंत?"

"बाथरूमला जाऊन स्वच्छ होऊन आले."

"स्वच्छ म्हणजे?"

"उरलंसुरलं बोटाने दाबून काढते, पुसते. डॉक्टरांसमोर गळायला लागलं तर बरं दिसतं का?"

"दाबल्यावर निघतं?"

"चमचाभर तरी. सोनोग्राफीच्या आधी काढलं होतं, कॅमेऱ्याच्या आधीही. सॉरी, चुकलं का काही?"

डॉक्टर स्टुलावर बसलेच. "अहो बाई, दर वेळी चोराला मागच्या दाराने घालवता आणि मग पोलिसांना बोलावता! आज दाबायचं नाही. जोरात लघवी करायची, तेव्हा आम्हाला फोटो काढू द्या."

ब्रिजिट नावाच्या टेक्निशियनने बारीक नळीने मूत्राशयात औषध भरलं, एक्स-रेत उठून दिसणारं. मग नळी काढून मला मशीनपुढे उभं केलं. हातात भांडं, काचेपलीकडे डॉक्टर, कोपऱ्यात शिशाचा एप्रन घालून लुबा. पोट तर फुटायला आलेलं, पण थेंब येईल तर शपथ! चारचौघांत कधी मोठ्याने शिंकले नाही मी.

"सॉरी," मी म्हणाले. ब्रिजिटने नळ सोडला. पाणी वाहतंय, मी कोरडीच. "सॉरी हं." वाटलं, संपलं. किल्ल्या परत.

तेवढ्यात लुबा खच्चून ओरडली, "व्हर्ना! बस भरलीय, दार उघड!"

मला हसू फुटलं, आणि त्यासरशी जी धार लागली! अर्धी भांड्यात, अर्धी ब्रिजिटच्या बुटांवर.

"सॉ..."

"म्हणून तर बघा!" ब्रिजिट ओरडली. "थांबू नका, चालू दे!"

मान वळवून पडद्याकडे पाहिलं. धार लघवीच्या नळीतून उतरत होती आणि त्या नळीच्या कडेला काहीतरी हळूहळू भरत होतं. फुगीर, अर्ध्या चंद्रासारखं. धार थांबली, मूत्राशय रिकामं झालं, ते मात्र तिथेच भरलेलं राहिलं.

"पिरोगी!" मी किंचाळले. आमच्या घरी सारण भरून उकडतात ना, अगदी तशी टम्म.

"आईच्या हातची," लुबा म्हणाली आणि एप्रननेच डोळे पुसायला लागली.

डॉक्टर धावत आत आले. "ही पिशवी. लघवीच्या नळीच्या भिंतीतून बाहेर फुगलीय. लघवी तिच्यात साठते, मग गळते, जंतू वाढतात. एमआरआय करू, म्हणजे नळीला ती कितपत वेढून बसलीय ते कळेल. मग ऑपरेशन करून काढता येईल."

मी ओल्या पायांनी तिथेच उभी होते आणि मला इतका आनंद झाला होता की काय सांगू! ती होती. माझ्या मनात नव्हती, पडद्यावर होती, सगळ्यांच्या देखत.

एमआरआय झालं, ऑपरेशन झालं, पिशवी गेली. टॉवेल आता कुत्र्याला पुसायला घेते.

मी पुन्हा बसवर आले त्या सकाळी डॉ. पेनर नातीला सोडायला रस्त्यावर उभे होते. रिपोर्ट त्यांच्याकडे पोचला होता. नात चढली, तरी ते दारातून हलेनात. टोपी काढून म्हणाले, "व्हर्ना, सॉरी."

अशा वेळी आमच्याकडे म्हणायचं असतं, छे छे, असू दे, माझंच चुकलं. अगदी जिभेवर आलं होतं.

"हो," मी म्हणाले. "आणि पुढची बाई आली की आधी विचारा, दाबून आलीस का."

दार लावलं आणि बस सोडली.