फ्लेक्सच्या पाठीवरचा बाकडेमामा

पूर्णेच्या भगवानरावांना रेल्वेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या बाकडेमामाची नोकरी चालूच होती. जंक्शनच्या बाकड्यावर ट्रंक घेऊन बसलेला आणि गाडीची वाट बघता बघता साऱ्या दुनियेला टोमणे मारणारा हा व्यंगचित्रातला मामा परभणीच्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला यायचा. भगवानराव नोकरीत स्टेशनांच्या पाट्या रंगवायचे. मामाला मात्र त्यांनी घरी बसून, टाक आणि शाईनं, चार बोटं रुंद चौकटीत वाढवला होता.

यंदा थंडीत उजवा हात थरथरायला लागला. गोळ्यांनी थोडा उतार पडला, तरी मामाचं नाक काही सरळ येईना. साप्ताहिकाचा संपादक महारुद्र भला माणूस. त्यानं फोन केला.

"जयभीम काका. तुमी आता आराम करा. जुनीच चित्रं परत छापू. लोकांना काय कळायलंय?"

ते शेवटचं वाक्य भगवानरावांना लागलं. जुना मामा यंदाचं काय बोलणार? त्यांनी दौतीला बूच लावलं, ते उन्हाळ्यापर्यंत काढलंच नाही.

उन्हाळ्यात नात साक्षी नांदेडहून आली. ती तिथं फिजिक्समध्ये एम.एस्सी. करत होती. एका सकाळी शेजारचा सिताराम प्लास्टिकचा ड्रम घेऊन दारात उभा राहिला.

"काका, टँकरच्या रांगेतून माझा ड्रम कोणी बी उचलून नेतंय. मोठ्ठं नाव टाकून द्या."

"हात हलायलाय बाबा."

"हलू द्या की. ड्रम काय परीक्षेला बसायलाय?"

भगवानरावांनी रुंद कुंचला घेतला आणि वीतभर उंचीची अक्षरं काढली. सिताराम खूश होऊन गेला असता, पण साक्षीनं ड्रम अडवला. उकिडवी बसून ती नखानं रेघेची कड तपासू लागली.

"आबा, रेघ तांदळाएवढीच हललीय."

"म्हंजे हललीच ना?"

"कागदावर बी तेवढीच हलते. पण कागदावर मामाचं नाकच तांदळाएवढं असतंय."

भगवानरावांनी वाकून रेघेची कड स्वतः तपासली.

"मामा माणसाएवढा काढा," ती म्हणाली. "मी फोटो काढून लहान करते. मामासंगं थरथर बी लहान होईल."

"एवढा कागद कुठून आणू?"

"सरपणावरचा फ्लेक्स हाय की," साक्षीची आजी सरजाबाई चुलीपासून म्हणाल्या. "पाठ पांढरी हाय त्याची."

तो कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. हात जोडलेल्या साहेबांना भिंतीकडे तोंड करून टांगलं आणि त्यांच्या पाठीवर भगवानरावांनी उभ्यानं चित्र सुरू केलं. मनगट नाही, सगळा हात खांद्यातून फिरवत. पाट्या रंगवतानाची ती जुनी सवय आपसूक परत आली. मिशीत रंग भरायला सरजाबाई पुढं आल्या.

"द्या इकडं. तुमच्याच मिशीवरून काढलाय ह्याला, मला ठाऊक हाय."

चित्रात मामाशेजारी टँकरची रांग होती, आणि मामा म्हणत होता, 'गाडीपेक्षा टँकर बरा, निदान रांग तरी दिसते.'

साक्षीनं फोटो पाठवला. थोड्याच वेळात महारुद्रचा फोन आला.

"काका, लय झकास. कोणत्या सालचं म्हणायचं हे?"

"आज सकाळचं."

"रेघ तर तुमची जुनीच दिसायलीय."

"रेघ जुनीच हाय. चित्र ताजं हाय."

"मग ते जुन्या चित्रांचं राहू द्या काका. दर आठवड्याला नवंच पाठवा."

पुढच्या आठवड्याला मुलगा नागसेन चौकातून आणखी दोन वाढदिवस उतरवून घेऊन आला. साक्षीची सुट्टी तोवर संपली होती. बॅग भरून ती अंगणात आली, तेव्हा भगवानराव कुंचला हातात धरून नुसतेच उभे होते. घरात त्यांनी कधी कुणाचे आभार मानले नव्हते. ते काम कार्यक्रमाच्या शेवटी दुसरं कुणीतरी करतं, अशी त्यांची समजूत.

"साक्षी," ते म्हणाले, "हात गेला म्हणून मी बसलो होतो. तू बसू दिलं न्हाईस. लय उपकार झाले, बाई."

साक्षीनं बॅग खाली ठेवली.

"आबा, मामाचा एक पाय राहिलाय," ती म्हणाली. "माझी गाडी यायच्या आत काढा. मला बघायचाय."

भगवानरावांनी डोळे पुसले, तसा मनगटावरचा काळा रंग गालाला लागला. मग त्यांनी कुंचला बुडवला, खांद्यातून हात सोडला आणि मामाचा पाय एका दमात जमिनीपर्यंत आणला.